संत होण्याआधीचा गोन्सालो

वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील चांदीप या गावी खोली घेऊन राहणारा एक तरुण आमच्या परिचयाचा आहे. त्याचे घर किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात. नोकरी मात्र पूर्वेकडच्या शाळेत, मास्तरकीची. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. अविवाहित. एकदा काही कामानिमित्त त्या बाजूला जाणे झाले, तेव्हा त्याने आम्हांला दुपारच्या जेवणास थांबवून घेतले. घरून आणलेल्या सुकटीचे कालवण आणि भात त्याने स्वतः रांधला होता. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली खिळ्याला अडकवलेली रोजरी आणि कोपऱ्यात विद्यार्थ्यांच्या वह्यांचा गठ्ठा, एवढेच त्या खोलीतील वैभव. पहाटे उठून चहा करावा, शाळा गाठावी, संध्याकाळी परतून भात टाकावा, वह्या तपासाव्यात, एकट्यानेच रोजरी म्हणावी आणि निजावे. शनिवारी घरची वाट धरावी आणि रविवारी रात्री परतावे, असा त्याचा दिनक्रम त्याने आम्हांला सांगितला. सांगण्यात तक्रारीचा सूर नव्हता.

पान आवरताना मात्र तो म्हणाला, "फादर, एक विचारू? माझं लग्न झालेलं नाही आणि मी सेमिनरीतही गेलो नाही. रविवारी मिस्सा सुटली की चर्चच्या पायरीवर मला दोनच प्रश्न असतात. म्हाताऱ्या बायका विचारतात, लग्न कधी? आणि तुम्ही फादर लोक विचारता, पाचारणाचा विचार केला होतास का? मधल्या माणसासाठी आपल्याकडे कुणी संत आहे का?"

"आहेत ना, पुष्कळ आहेत," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली आणि बोलणे पावसापाण्याकडे वळवले. परतीच्या वाटेवर मात्र त्या उत्तराची लाज वाटू लागली. ज्या संताचे नाव आमच्या वसईतील लहान मुलालाही ठाऊक आहे, ज्याच्या नावाने गासला चर्च उभे आहे आणि वसईत महाविद्यालय चालते, त्याच्या आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे नेमकी अशीच 'मधली' होती, हे आम्हांला त्या क्षणी आठवू नये! त्या तरुणाला जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते ते आज येथे लिहीत आहोत. ते त्याच्या एकट्यासाठी नाही. ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा, भाऊ किंवा पुतण्या आहे, त्या सर्वांसाठी आहे.

बंदरावरचा मुलगा

इ.स. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख तहाने पोर्तुगिजांच्या स्वाधीन केला. पुढील दोन दशकांत येथे तटबंदी उभी राहिली, चर्चेस व मठ उभे राहू लागले आणि वसई हे अरबी समुद्रावरील एक गजबजलेले नगर झाले. शेजारच्या आगाशीला जहाजे बांधली जात. संत फ्रान्सिस झेवियर यांचे पाय या भूमीला लागले होते आणि त्यांच्या पाठोपाठ येशूसंघीयांनी, म्हणजे जेझुईट धर्मगुरूंनी, येथे आपले ठाणे दिले होते. फ्रान्सिस्कन मठवासी तर त्यांच्याही आधीपासून येथे कार्यरत होते.

अशा या नगरीत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सियाचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज आणि आई येथल्याच मातीतली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. म्हणजे आईची भाषा एक आणि बापाची दुसरी, अशा घरात हा मुलगा वाढला. पुढे तो दुभाषी म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाला नावाजला गेला, त्याची पहिली शाळा बहुधा हे घरच असावे. दोन माणसांमध्ये उभे राहून एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगण्याची सवय अशा घरातील मुलांना आपोआप लागते. आमच्या धर्मग्रामांतही आजीशी बोलीत, शिक्षकांशी प्रमाण मराठीत आणि मुंबईच्या कचेरीत इंग्रजीत बोलणारी मुले आहेतच.

गोन्सालो येशूसंघीयांच्या शाळेत शिकला. तेथील फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा त्याला विशेष लळा होता. किल्ल्यातील येशूच्या पवित्र नावाचे चर्च आज सर्वसामान्यपणे संत गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणूनच ओळखले जाते. त्या परिसरात आजही काही क्षण शांत उभे राहिले, तर एका शाळकरी पोराने येथून दर्याकडे पाहिले असेल, ही कल्पना मनाला चाटून जाते. १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला निघाला.

त्या काळचा जपानचा प्रवास वाऱ्याच्या मर्जीने चाले. गोव्याहून निघालेले जहाज मलाक्का घेई, तेथून चीनच्या किनाऱ्यावरील मकाव गाठी आणि पुढे नैर्ऋत्य मोसमी वारा धरून जपानकडे वळे. वारा चुकला तर बंदरातच महिनोन् महिने थांबावे लागे. मलाक्का १५११ पासून पोर्तुगिजांकडे होते, मकाव येथे त्यांनी १५५७ मध्ये वस्ती केली होती आणि नागासाकी हे बंदर त्यांच्या जहाजांना १५७१ मध्ये खुले झाले होते. म्हणजे आमचा गोन्सालो जपानला पोहोचला तेव्हा नागासाकीचे पोर्तुगिजांशी नाते जेमतेम वर्षाचे होते. दहावीच्या वर्गातील मुलगा डोळ्यांसमोर आणावा आणि मग या प्रवासाचा विचार करावा.

सहाय्यकाची आठ वर्षे

संत फ्रान्सिस झेवियर यांनी १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे जपानच्या भूमीवर पाऊल ठेवले होते. त्यानंतरच्या काळात तेथील श्रद्धावंतांची संख्या वाढत गेली, परंतु धर्मगुरू मूठभर आणि भाषा कठीण. साहजिकच सारी मदार सहाय्यकांवर होती. जपानी भाषेत त्यांना 'दोजुकू' म्हणत. हा शब्द मुळात बौद्ध मंदिरात राहून सेवा करणाऱ्या तरुणांचा. ख्रिस्ती मिशनने तो तसाच उचलला. हे तरुण अविवाहित असत, धर्मगुरूंच्या घरी राहत, लांब झगा घालीत. पण त्यांनी कोणतेही व्रत घेतलेले नसे. मिस्साबलिदानाची तयारी करणे, मुलांकडून प्रार्थना पाठ करवून घेणे, आजाऱ्यांच्या भेटीस जाणे, परकीय धर्मगुरूंचे तोडकेमोडके बोल शुद्ध जपानीत लोकांना समजावून सांगणे, अशी त्यांची कामे असत. मिशन त्यांच्या खांद्यांवर चाले आणि अहवालांतील मानाच्या जागा मात्र इतरांच्या नावे असत.

गोन्सालोनेही धर्मशिक्षक व सहाय्यक म्हणून अशीच सेवा सुमारे आठ वर्षे केली. पंधरापासून तेविसापर्यंतची ही वर्षे म्हणजे तरुण मनुष्याचे सारे घडण्याचे वय. या काळात त्याने जपानी भाषा आत्मसात केली. तिच्यासाठी तेव्हा छापील शब्दकोश नव्हता की व्याकरण नव्हते. येशूसंघीयांचा छापखाना जपानात १५९० मध्ये आला आणि त्यांचा जपानी-पोर्तुगीज शब्दकोश नागासाकीत १६०३ मध्ये छापून निघाला. गोन्सालो शिकला तो कानांनी आणि चुकांनी. ज्या भाषेत 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांच्याही पलीकडे आदराच्या अनेक पायऱ्या आहेत, जेथे एक क्रियापद चुकीचे वापरले तर समोरच्याचा अपमान होतो, ती भाषा त्याने बाजारात, रुग्णाच्या उशाशी आणि लहान मुलांच्या घोळक्यात कमावली.

येथे थोडे थांबावेसे वाटते. संतांची चरित्रे वाचताना आपण चमत्काराची पाने शोधतो. गोन्सालोच्या या आठ वर्षांत तसे पान नाही. आहे ती रोजची झाडलोट, रोजची शिकवणी आणि रोजची पायपीट. चांदीपच्या त्या खोलीतील वह्यांचा गठ्ठा आम्हांला येथे आठवतो. आपल्या प्रभूनेही नाझरेथमध्ये तीस वर्षे सुताराच्या दुकानात काढली, आणि शुभवर्तमानकारांनी त्या वर्षांवर फारशी शाई खर्च केली नाही. परंतु तारणाचे कार्य त्या वर्षांत थांबले होते, असे कोणी म्हणेल काय?

बंद दार

गोन्सालोची आस येशूसंघात दाखल होण्याची होती. ती पुरी झाली नाही. आठ वर्षे ज्यांच्या अंगणात सेवा केली, त्यांचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. त्या काळी पूर्वेकडील धर्मसंघ देशी किंवा मिश्र रक्ताच्या तरुणांना प्रवेश देताना हात फार आखडता घेत. इतिहासाने हे नमूद केले आहे आणि आपणही ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ख्रिस्तसभा पवित्र आहे, पण तिचा कारभार पाहणारी आम्ही माणसे आपल्या काळाचे पूर्वग्रह अंगाखांद्यावर घेऊनच वावरतो.

नाकारला गेलेला तेविशी-चोविशीचा हा तरुण मकावला गेला आणि त्याने व्यापार सुरू केला. त्या वेळी मकाव हे व्यापाराचे मर्मस्थान होते. मिंग बादशहांनी आपल्या प्रजेला जपानशी थेट व्यापाराची बंदी केली होती. त्यामुळे चीनचे रेशीम जपानला आणि जपानची चांदी चीनला पोहोचवण्याचा फायदेशीर धंदा पोर्तुगिजांच्या हाती आला होता. दोन्हीकडची रीतभात जाणणाऱ्या आणि जपानी अस्खलित बोलणाऱ्या माणसाला तेथे काय भाव असेल, हे सांगायला नको. गोन्सालोचा जम बसला, पैसा मिळाला, ओळखी वाढल्या.

आता वाचकांनी क्षणभर त्याला आपल्या धर्मग्रामात आणून उभे करावे. फादर व्हायला म्हणून घरून गेलेला मुलगा आठ वर्षांनी 'तसाच' परतला आहे. लग्न केलेले नाही. धंद्यात पैसा कमावतो आहे. चर्चच्या पायरीवर आपण त्याच्याविषयी काय बोललो असतो? "देवाने बोलावले होते, पण टिकला नाही." "पैशाच्या मागे लागला." कदाचित काही आयांनी त्याच्या आईकडे पाहून मानही फिरवली असती.

हे आम्ही इतरांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. सेमिनरीत आमच्या वर्गात एक सोबती होता. बुद्धीने आमच्याहून सरस, गळ्याने गोड. ईशज्ञानाच्या दुसऱ्या वर्षी तो घरी परतला. त्याच्या जाण्याविषयी आम्ही कोणी मोठ्याने बोललो नाही. भोजनगृहातील त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी भिंतीकडे सरकवली गेली, एवढेच. आम्ही त्याला पत्र लिहिले नाही. गुरुदीक्षेचे आमंत्रण पाठवले नाही. त्याला वाईट वाटेल, अशी स्वतःची समजूत घातली. पुढे कित्येक वर्षांनी एका अंत्यविधीच्या वेळी भेट झाली तेव्हा तो हसून म्हणाला, "मी सेमिनरी सोडली होती रे, तुम्हांला नव्हती सोडली." त्या वाक्याचे ओझे आम्ही अजून वाहतो आहोत. दार बंद होते तेव्हा ते ज्याच्या तोंडावर बंद झाले त्याला देव विसरत नाही. विसरतो ते आपण.

गोन्सालोच्या बाबतीत तर हे बंद दार देवाच्या योजनेतील एक वळणच ठरले. येशूसंघात प्रवेश मिळाला असता तर कदाचित तो एका मिशनकेंद्राचा चांगला बंधू झाला असता. व्यापारी झाल्यामुळे तो पूर्वेकडच्या बंदरांतून फिरला, माणसे ओळखू लागला, अधिकाऱ्यांशी बोलण्याचे धाडस त्याच्या अंगी आले. आणि याच फिरतीत तो एके दिवशी मनिलाला पोहोचला.

मनिला ते मियाको

मनिला हे फिलिपाईन्समधील नगर १५७१ पासून स्पेनच्या सत्तेचे पूर्वेकडील मुख्य ठाणे होते. तेथे त्याचा फ्रान्सिस्कन मठवासीयांशी संबंध आला. हुआन पोब्रे नावाच्या एका फ्रान्सिस्कन बंधूच्या साध्या जीवनाचा त्याच्यावर खोल ठसा उमटला. हा बंधू धर्मगुरू नव्हता. मठातील साधा सेवक होता. तिशीच्या उंबरठ्यावर गोन्सालोने व्यापार आवरला, कमावलेले मागे ठेवले आणि त्याच मठात तो बंधू म्हणून दाखल झाला. वसईत लहानपणी ज्यांचा मठ त्याने रोज पाहिला असेल, त्या असिसीच्या फ्रान्सिसच्या कुटुंबात शिरायला त्याला असा अर्ध्या आशियाचा वळसा घ्यावा लागला.

आणि मग त्या 'वाया गेलेल्या' वर्षांचे मोल साऱ्यांच्या ध्यानी आले. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये परकीय धर्मगुरूंनी देश सोडावा असा हुकूम काढला होता. पुढे त्याने फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला आपली अधिसत्ता मान्य करण्याविषयी दरडावले. गव्हर्नरने स्नेहाचा संदेश देऊन फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठवले. १५९३ मध्ये निघालेल्या त्या तुकडीत चार फ्रान्सिस्कन होते, दोन धर्मगुरू आणि दोन बंधू. त्या दोन बंधूंपैकी एक आमचा गोन्सालो. कारण साऱ्या मठात हिदेयोशीपुढे उभा राहून त्याच्या भाषेत अदबीने आणि न डगमगता बोलू शकणारा तोच होता. कोरियाच्या स्वारीसाठी हिदेयोशीची छावणी तेव्हा क्युशू बेटावरील नागोया येथे पडली होती. तेथे ही भेट झाली. एकीकडे साऱ्या जपानला धाक घालणारा सत्ताधीश, दुसरीकडे अनवाणी मठवासी, आणि मध्ये वसईचा हा दुभाषी. शरणागतीची मागणी आणि स्नेहाचे उत्तर, दोन्ही त्याच्याच जिभेवरून गेले.

हिदेयोशीने या मठवासीयांना मियाको, म्हणजे आजचे क्योतो, येथे राहण्याची मुभा व जागा दिली. १५९४ मध्ये तेथे देवदूतांच्या राणीच्या नावाने त्यांचे छोटे चर्च व मठ उभा राहिला. शेजारी गरिबांसाठी व कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये निघाली. त्या काळच्या जपानात कुष्ठरोग्याला स्पर्श करणारा सापडणे दुर्मिळ होते. येथेही गोन्सालोचे काम पुन्हा तेच, सोळाव्या वर्षी होते तेच: रुग्णाच्या उशाशी बसणे, मुलांना शिकवणे, एकाचे दुसऱ्याला समजावून सांगणे. फरक इतकाच की आता त्याने व्रते घेतली होती. काम बदलले नव्हते. ते करणारा मात्र पुरता परिपक्व झाला होता.

टेकडीवरील सव्वीस

१५९६ च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' हे मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळाने भरकटून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला. त्या वादंगातून, मिशनऱ्यांच्या मागून स्पेनचे सैन्य येते, असा संशय हिदेयोशीच्या मनात बळावला आणि डिसेंबरात मियाको व ओसाका येथील मठांभोवती पहारे बसले. ३ जानेवारी १५९७ रोजी मियाकोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली, त्यांची धिंड निघाली आणि मग ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतची सुमारे ८०० किलोमीटरची वाट त्यांना तुडवावी लागली. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे धरले गेले, तेव्हा सव्वीस झाले.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस रांगेने मांडले होते. आपला क्रूस कोणता हे कळताच गोन्सालोने गुडघे टेकून त्याला मिठी मारली, असे परंपरा सांगते. जपानी रीतीप्रमाणे त्यांना दोरांनी व लोखंडी कड्यांनी क्रूसाला बांधण्यात आले आणि भाल्यांनी भोसकून त्यांचे प्राण घेण्यात आले. गोन्सालो तेव्हा चाळिशीत होता.

हे सारे आपण दरवर्षी प्रवचनांतून ऐकतो. परंतु त्या सव्वीस जणांची यादी आपण कधी शांतपणे वाचली आहे काय? त्यांत दीक्षा झालेले धर्मगुरू केवळ तीन होते. बाकीचे तेवीस कोण? येशूसंघाचा पॉल मिकी, उत्तम प्रवचनकार, पण अजून दीक्षा न झालेला. अवघ्या एकोणीस वर्षांचा जॉन. मेक्सिकोचा फेलिपे, जो एकदा मठाची उमेदवारी अर्ध्यावर सोडून गेला होता, व्यापारासाठी मनिलाला आला होता, तेथे पुन्हा मठात शिरला होता आणि गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाला असता त्या फुटक्या जहाजातून या टेकडीवर येऊन ठेपला. आज तो मेक्सिकोचा पहिला संत आहे. त्यांत एक स्वयंपाकी होता, एक वैद्य होता, एक तलवारी घडवणारा होता. धनुष्ये बनवणारा मिगेल कोझाकी होता आणि त्याचा कोवळा मुलगा थॉमसही होता. लुईस इबाराकी तर अवघा बारा वर्षांचा. आणि मथियास नावाचा एक साधा मनुष्य होता: शिपाई दुसऱ्याच मथियासला शोधत आले होते, तो सापडेना, तेव्हा माझेही नाव मथियास आहे आणि मीही ख्रिस्ती आहे, असे सांगून हा पुढे झाला.

म्हणजे त्या टेकडीवर एक संपूर्ण धर्मग्राम उभा होता. वेदीवरचे, वेदीखालचे, लग्न झालेले, न झालेले, व्रत घेतलेले आणि न घेतलेले. आपला क्रूस कोणता, एवढाच प्रश्न त्या दिवशी प्रत्येकाला होता. तुझे लग्न झाले आहे काय, असे तेथे कोणी विचारले नाही.

मधल्या माणसांचे संत

१६२७ मध्ये पोप आठवे अर्बन यांनी या रक्तसाक्ष्यांना धन्यवादित घोषित केले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला संतपद मिळण्याची ती पहिली वेळ. त्या मानाचा धनी धर्मगुरू नव्हता, महागुरूही नव्हता. तो एक बंधू होता, आणि त्याआधी दीर्घकाळ साधा अविवाहित प्रापंचिक होता. संतपदाच्या शताब्दीला, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांच्या कांस्यमूर्तींचे स्मारक उभे राहिले. पोप दुसरे जॉन पॉल १९८१ च्या फेब्रुवारीत आणि पोप फ्रान्सिस २४ नोव्हेंबर २०१९ रोजी तेथे नतमस्तक होऊन आले. आमच्या वसईच्या पोराला भेटायला दोन पोप नागासाकीला गेले, असे म्हणण्याचा आम्हांला मोह होतो.

ख्रिस्तसभेने पुढील काळात हे दालन अधिकच रुंद केले आहे. कन्याकुमारीकडील देवसहायम, प्रपंच असलेला सामान्य श्रद्धावंत, १७५२ मध्ये गोळ्या झेलून गेला. १५ मे २०२२ रोजी तो संत झाला. इटलीतील तुरीन शहराचा पिएर जॉर्जियो फ्रास्साती हा खाणकामाच्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी. डोंगर चढणारा, मित्रांच्या मेळ्यात रमणारा आणि घरच्यांच्या नकळत गोरगरिबांच्या खोल्यांत औषधे पोहोचवणारा हा तरुण १९२५ मध्ये चोविसाव्या वर्षी वारला. लग्न नाही, मठ नाही, सेमिनरी नाही. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी त्याला आणि पंधरा वर्षांच्या कार्लो आकुतिसला एकाच वेळी संत घोषित केले. चांदीपच्या मास्तरांना आता आम्ही एकाऐवजी दोन-तीन नावे सांगू शकतो.

परंतु नावे सांगून आमचे काम संपत नाही. तारुण्यातील अविवाहित वर्षे म्हणजे फलाटावर गाडीची वाट पाहण्याचा वेळ, अशी एक समजूत आपल्या घरांत रुजली आहे. एक तर लग्नाची गाडी येईल, नाहीतर सेमिनरीची. तोवर या मुलाने आपली पिशवी सांभाळत बसावे. गोन्सालोचे जीवन ही समजूत खोटी पाडते. तो कशाचीही वाट पाहत बसला नाही. दार उघडले नाही म्हणून त्याने भाषा टाकली नाही, प्रार्थना टाकली नाही, माणसे टाकली नाहीत. हिदेयोशीच्या दरबारात जो उभा राहिला त्याला मठाने केवळ झगा दिला. त्याचा कणा आधीच तयार झाला होता, सहाय्यकाच्या झाडलोटीत आणि व्यापाऱ्याच्या हिशेबात.

म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एक विनंती आहे. तुमच्या आळीतील अविवाहित मुलाला लग्नाविषयी जरूर विचारा. आईबापांची ती काळजी आहे आणि काळजीला बंदी नाही. पण त्याआधी एकदा त्याला विचारा, तुझा दिवस कसा जातो? काय शिकलास? जेवलास काय? सेमिनरीतून किंवा मठातून परतलेल्याला रविवारी आपल्या बाकावर जागा करून द्या. वाचनाला, गायनाला, धर्मशिक्षणाच्या वर्गाला त्याला हक्काने बोलवा. त्याच्यापाशी असलेले भाषा, हिशेब, कला यांचे धन धर्मग्रामाचे धन माना. आणि आम्हां धर्मगुरूंनाही हेच लागू आहे. किंबहुना आम्हांलाच ते आधी लागू आहे. जो तरुण सेमिनरीत येत नाही तो आमच्या कामाचा नाही, असे आमच्या वागण्यातून दिसत असेल, तर देवाने त्याला दिलेले बोलावणे आम्हांला ऐकूच आले नाही, असे म्हणावे लागेल.

आमच्या त्या जुन्या सोबत्याला आम्ही या वर्षी पत्र लिहिले. उशीर फार झाला, पण उत्तर आले. तो आपल्या धर्मग्रामात गायनवृंद चालवतो.

आणि चांदीपला आम्ही पुन्हा जाणार आहोत. या वेळी जेवणाचा डबा आम्ही नेणार आहोत, आणि सोबत किल्ल्यातील चर्चचे एक छायाचित्र. ते पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी, त्या वह्यांच्या गठ्ठ्यावर, लावता येईल. खिळा त्याच्याकडे असेलच.